रुमाल नवरदेवाच्या हातात

बाळामामा ॲडव्हान्स देऊन माझ्या दुकानाची पायरी उतरला, आणि थोड्या वेळाने त्याच पायरीवर त्याचा भाचा येऊन उभा राहिला. मामाने भाच्याच्या लग्नाच्या बॅन्डची ऑर्डर दिली होती. भाचा ती फिरवायला आला होता.

"बॅन्डमास्तर तुम्हीच का?" त्याने विचारलं.

दारावर बॅन्डची पाटी, भिंतीला टांगलेले ट्रम्पेट, आणि मी मांडीवर सोनेरी झालरीचा लाल कोट घेऊन त्याची बटणं लावत बसलेला. उकाड्याने डोकं आधीच तापलं होतं. म्हटलं, "नाय, मी तहसीलदार."

"असं का? मग बॅन्डमास्तर कुठे भेटतील?" म्हणाला, आणि खरोखरच वळून चालायला लागला.

मी हाक मारून त्याला परत बोलावलं. तो अजिबात रागावलेला दिसला नाही. उलट मी तहसीलदार नाही हे कळल्यावर त्याला बरं वाटलं असावं.

पेणमध्ये माझा ब्रास बॅन्ड होता. नव्वदच्या दशकात आमच्याकडे डीजे पोचला नव्हता, त्यामुळे पेणपासून रोह्यापर्यंत लग्नसराई म्हणजे आम्हीच. ब्रास म्हणजे पितळ. ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही पितळेची वाद्यं, जोडीला मोठा ड्रम, साइड ड्रम, झांज, आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट. क्लॅरिनेट मी वाजवायचो. लोक तिला पिपाणी म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. रिटायर झालो तरी येतो.

तर तो बाकावर बसला आणि माझ्याकडे न बघता, कोपऱ्यातल्या मोठ्या ड्रमकडे बघत, पुस्तक वाचून दाखवावं तसं बोलायला लागला. "माझं नाव दिलीप. मी रोह्याला राहतो. वैशाखात जोह्याला माझं लग्न आहे. तुम्ही लग्नाला यायचं, पण वाजवायचं नाही."

"मग येऊन काय करायचं? जेवायचं?"

"जेवण आहेच. पण मुख्य म्हणजे उभं राहायचं. मामाला बॅन्ड दिसला पाहिजे आणि मला ऐकू येता कामा नये."

उभ्या आयुष्यात माझा असा अपमान कोणी केला नव्हता. मी तोंड उघडलं, पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं, आणि बोलणं संपल्याशिवाय तो थांबत नसे हे मला पुढे कळलं.

"मागच्या वर्षी माझं लग्न अर्धं झालं," तो म्हणाला.

निडीजवळच्या एका गावात लग्न होतं. अंतरपाट दूर झाला आणि बॅन्ड नवरदेवाच्या पाठीमागेच फुटला. (तो बॅन्ड माझा नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो.) दिलीप मुंडावळ्यांसकट मांडवातून जो सुटला तो शेतांच्या बांधांवरून थेट निडी स्टेशनात. माणसं शोधत गेली तेव्हा हा बाकावर कानांवर हात ठेवून बसला होता. लग्न तिथेच मोडलं.

त्याच्या मोठ्या बहिणीने मग त्याला मुंबईला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी 'ऑटिझम' असा शब्द सांगितला. आमच्या बाजूला तो कोणी ऐकलेला नव्हता. मीही नाही. दिलीपनेच मला तो समजावला. "तुमच्या कानांना दारं आहेत. नको ते तुम्ही बाहेर ठेवता. माझ्या कानांना दारं नाहीत. सगळं एकदम आत येतं." आवाजाचं तसंच अंगाला हात लावण्याचं. कोणी अचानक खांद्यावर हात ठेवला की त्याला चटका बसल्यासारखं व्हायचं. थट्टा त्याला चटकन कळायची नाही आणि स्वतःला खोटं बोलता यायचं नाही. धाटावच्या एका कंपनीत तो स्टोअरमध्ये होता आणि तिथे त्याचं छान चाललं होतं.

"मग मामाला सरळ सांग ना," मी म्हटलं.

"सांगितलं. मामा म्हणाला, बिनबॅन्डचं लग्न म्हणजे बिजवराचं लग्न."

यात मामाचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे बिजवर, म्हणजे पहिली बायको गेलेला नवरा, लग्न गुपचूप उरकतो. पहिल्या लग्नाला बॅन्ड लागतोच. त्यात दिलीपच्या अर्ध्या लग्नाची गोष्ट कोलाडपर्यंत पोचलेली. बाप नसलेल्या भाच्याला मामाने वाढवलेलं. हे लग्न पहिलं आहे आणि पुरं होणार आहे, हे त्याला सगळ्या तालुक्याला ऐकवायचं होतं. मला ऑर्डर देताना त्याने सांगितलं होतं, "मास्तर, आवाज असा पायजे का नागोठण्याच्या म्हशी उठून उभ्या ऱ्हायल्या पायजेत."

आता माझ्यासमोर एकाच लग्नाच्या दोन ऑर्डरी होत्या. एक वाजवायची, एक न वाजवायची. मी मामाला हो म्हणून बसलो होतो. दिलीपलाही हो म्हटलं. लग्नसराईत नाही म्हणायची जिभेला सवयच नसते.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

"कसं करणार?"

"ते माझं टेन्शन."

"मलाही आहे," तो म्हणाला. "या वेळी मला तिथून पळायचं नाही. मला रंजनाशीच लग्न करायचं आहे."

कुठल्याही बॅन्डची जागा आधी बघावी लागते. कुठे उभं राहायचं, आवाज कुठे आपटतो, ड्रमवाल्याला सावली आहे का. म्हणून मी जोह्याला गेलो. रंजनाच्या वडिलांचा, म्हात्र्यांचा, गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे लांब शेड आणि त्यात रंगाची वाट बघणारे पांढरे गणपती, रांगांमागे रांगा. त्यांच्यात एक मुलगी स्टुलावर बसून उंदरांना रंग देत होती. तीच रंजना.

"बॅन्डवाले ना तुमी? दिलीपनी सांगितलंय," ती म्हणाली. "त्याला जमंल तेवढंच करा हां."

मी जरा चाचपून विचारलं की मुलगा असा वेगळा आहे, तुला चालतंय ना.

ती हसायलाच लागली. "मना बघायला लय लोकं आली. सगळी म्हनली, मुलगी छान हाय. माझ्या नाकाला हा एवढा पिवळा रंग लागलेला, कोनी सांगितला नाय. दिलीप आला, बसला, म्हनला, 'तुमच्या नाकाला रंग लागला आहे.' मी तवाच ठरवला."

मग आपणहून सांगितलं की शाळेत तिला अक्षरं कधी जमली नाहीत. ती पाटीवर एक बघायची आणि लिहायची भलतंच. आकड्यांचंही तेच. मास्तरांनी कान पिळले, मुली हसल्या, आठवीत शाळा सुटली. "दिलीप मना सगळा वाचून दाखवतो. येष्टीवरची पाटी, बिस्किटाचा पुडा, काय पन. मी नुसता विचारला तरी त्याला आनंद होतो. आनि त्याला लोकांच्या तोंडावरचा कळत नाय, तो मी सांगते. ह्यो हसतोय म्हनजे चिडलाय, ती रडते म्हनजे खूश हाय. आमचं जमतंय."

म्हात्रे मात्र मला शेडच्या मागे घेऊन गेले. "मास्तर, पोरगा सोन्यासारखा हाय. पन भर मांडवातून पुन्ना पळाला, तर माझ्या पोरीचं काय? ती हसन्यावारी सोडंल. गाव नाय सोडनार." त्यांच्या हाताला प्लास्टर वाळलं होतं आणि ते बोलताना नखाने ते खरवडत होते. एरवी लग्नात माझी जोखीम म्हणजे फार तर ट्रम्पेटवाला पिऊन येणं.

पेणला परत आलो आणि माणसं गोळा केली. ब्रास बॅन्डची एक अडचण सामान्य माणसाला ठाऊक नसते. त्याचा आवाज कमी करायला बटण नसतं. ट्रम्पेट हळू फुंकलं तर सूर लागत नाही, जोरात फुंकलं तर सूर लागतो आणि समोरच्याची टोपी उडते. दिलीप सुट्टीच्या दिवशी दुकानात आला आणि आमची ट्रायल सुरू झाली.

आधी ट्रम्पेटच्या तोंडात पंचे कोंबले. सर्दी झालेल्या रेड्यासारखा आवाज यायला लागला. दिलीप मागच्या मोरीत जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "नाही."

मग मोठ्या ड्रमवर गोधडी टाकली. ड्रमवाला रघू, सहा फुटी गडी, बॅन्डमधला माझ्या खालोखाल तापट. "मास्तर, मी ड्रम वाजवतोय का गोधडी धोपटतोय?" म्हणून काठी टाकून बसला. मोरीतून आवाज आला, "नाही."

मग सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या गल्लीत पाठवलं. तिथून सूर येत होता, पण ड्रम मागाहून यायचा. लग्नाचं गाणं आणि रघूचा ठोका ही दोन वेगळी लग्नं वाटायला लागली. "हेही नाही," दिलीप म्हणाला. "हे हळू आहे. पण कुठून केव्हा येईल ते कळत नाही."

तेवढ्यात नगरपालिकेचा दुपारचा भोंगा झाला. पेणचा तो भोंगा म्हणजे दगडाला जाग आणणारा. मी दचकलो. रघूच्या हातातला चहा सांडला. दिलीप मोरीच्या दारात शांत उभा.

"हा चालतो तुला?" मी ओरडलो.

"आवडत नाही. पण हा रोज याच वेळी होतो. मी आधीच तयार होतो. कंपनीतला शिफ्टचा भोंगाही मला चालतो. तुम्ही केव्हा वाजवणार ते फक्त तुम्हाला माहीत असतं. मला नसतं."

मी खुर्चीवर बसलो. मग उठलो. मग रघूला मिठी मारली, ती त्याला आवडली नाही.

लग्नात बॅन्ड केव्हा वाजायला लागतो, हे पाहुण्यांच्या कधी ध्यानात येत नाही. आम्ही मांडवाबाहेर असतो. आतलं काही दिसत नाही. म्हणून मांडवाच्या दारात मुलाकडचा एक माणूस रुमाल घेऊन उभा असतो. शेवटचं 'सावधान' झालं, हार पडले, की तो रुमाल हलवतो. रुमाल दिसला की आम्ही फुटतो. मंगलाष्टकात एके ठिकाणी वाजवणाऱ्यांना गोंगाट करू नका असं चक्क बजावलेलं आहे. इतक्या पिढ्या ऐकून एकाही बॅन्डवाल्याने ते मनावर घेतलेलं नाही. आम्ही फक्त रुमालाचं ऐकतो.

तसाच एक रुमाल मी खिशातून काढून बाकावर दिलीपच्या बाजूला ठेवला. "हा तू धर. तू वर करशील तेव्हा वाजेल. खाली घेशील तेव्हा थांबेल."

"लगेच?"

"लगेच."

त्याने तो उचलला, डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला. आम्ही वाजवलं. गोधडी नाही, पंचे नाहीत. त्याचे खांदे कानांपर्यंत गेले, पण पाय हलले नाहीत. हात खाली. आम्ही सुराच्या मध्यावर गप्प. त्याने एक डोळा उघडून पाहिलं. हात वर. वाजलं. खाली. गप्प. वर. वाजलं. आणि मग तो हसायला लागला. दुकानात आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. पोटातून, खिंकाळत हसत होता. त्याने ते इतक्यांदा केलं की सॅक्सोफोनवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, जेवनाची सुट्टी द्या."

दिलीपने दोनच अटी घातल्या. झांज नको, कारण तिचा आवाज त्याच्या दातांत शिरायचा. आणि सगळ्या अक्षता पडून झाल्याशिवाय तो रुमाल वर करणार नाही. तोंडावर तांदूळ आणि कानांत बॅन्ड, दोन्ही एका वेळी त्याला सोसवणार नव्हतं. मला कुठे माहीत होतं की या दुसऱ्या अटीत काय दडलंय! मी म्हटलं, मंजूर.

लग्नाच्या दिवशी जोह्यात ऊन रणरणत होतं. शेडच्या पुढ्यात मांडव, आणि शेडमधून पांढरे गणपती लग्नाला आल्यासारखे बघतायत. बाळामामा सफारी घालून हिंडत होता. आम्हाला बघून खूश झाला, मग थबकला.

"झांज कुठाय?"

"रिपेरिंगला."

"आनि रुमाल धरायला आपला सुऱ्या हाय दारात."

"रुमाल नवरदेव धरणार."

मामाला वाटलं मी चेष्टा करतोय. मोठ्याने हसून तो पुढे गेला. मी मात्र सुऱ्याला दारातून हटवलं आणि मांडवाचा एक पडदा बाजूला बांधून घेतला, म्हणजे आम्हाला दिलीपचा हात दिसेल.

मंगलाष्टकं झाली. रंजनाने आधीच बजावून ठेवलं होतं की अक्षता डोक्यावर टाकू नका, पायांशी टाका. निम्म्या लोकांनी ऐकलं. दिलीप डोळे मिचकावत उभा होता. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट निघाला, हार पडले. मी क्लॅरिनेट ओठांना लावली. ट्रम्पेटवाल्यांनी गाल फुगवले. रघूने काठी उचलली.

आणि काहीच झालं नाही.

सगळा मांडव दाराकडे बघायला लागला. लग्न लागलं आणि बॅन्ड नाही? दिलीप रुमाल घट्ट धरून उभा, पण हात खालीच. तो एकटक रंजनाच्या आत्याकडे बघत होता.

रंजनाच्या त्या भीमाआत्या. वय झालेलं, पाठीला बाक, मूठ अक्षतांनी भरलेली. जे नातेवाईक येऊ शकले नव्हते त्यांच्या नावाने चिमूटचिमूट अक्षता टाकायचा मान त्यांचा होता. "ही सुरतच्या काकाची," एक चिमूट. "ही बाळंतीन हाय त्या शकूची," एक चिमूट. "ही..." मग आठवायला थांबणं. एरवी बॅन्डच्या गदारोळात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आज सगळ्या मांडवात तेवढाच एक आवाज होता.

"मास्तर, वाजवा!" बाळामामा दातओठ खात धावत आला.

"इशारा नाय."

"मी सांगतोय ना! पैसा माझा हाय!"

"बॅन्ड तुमचा. इशारा त्याचा."

मामाचा चेहरा आमच्या कोटांच्या रंगाचा झाला. "लोकं हसतायत! पुन्ना तोच तमाशा झाला म्हनतायत!" मागे म्हात्रे खांब धरून उभे होते, अगदी पांढरे पडलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. एक सूर काढला की सगळं नेहमीसारखं दिसलं असतं. आणि एक सूर काढला की दिलीप निडी स्टेशनात दिसला असता.

मग मामाने ते केलं जे मी आधीच ओळखायला हवं होतं. त्याने स्वतःच्या खिशातून रुमाल काढला आणि हवेत फडकवला.

माझ्या माणसांची सवय वर्षानुवर्षांची. रुमाल दिसला की हात आपोआप चालतो. ट्रम्पेटवाले थोडक्यात सावरले. रघू सावरला नाही. त्याची काठी वर गेलेली मी पाहिली आणि दुसरं काही न सुचून ड्रमला कवटाळलं. काठी माझ्या पाठीत बसली. त्या दिवशी अवेळी पडलेला ठोका तो एकच, आणि तो ड्रमवर पडला नाही. मी कळवळलो, पण आवाज काढला नाही. सहा फुटी रघूचा ठोका पाठीत घेऊन गप्प राहणं ही माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड गोष्ट.

मांडवात कोणीतरी फिस्कन हसलं. रंजनाने हार सांभाळत मान वळवली. "आत्या, उरलेल्यांची एकदम टाक गो!"

"एकदम टाकली तर कोनाची कुठली, कसा कळंल?" आत्या म्हणाल्या.

"त्यांचं बरोबर आहे," दिलीप खणखणीत आवाजात म्हणाला. "आत्या, सावकाश टाका. मी थांबतो."

झालं. आता नवरदेवच थांबतो म्हणाल्यावर कोण काय बोलणार! सगळा मांडव आत्यांच्या मुठीकडे बघायला लागला. लोक मदतीलाही धावले. "पनवेलची माई ऱ्हायली!" "आनि तो दुबईवाला!" "त्याला कशाला, त्यानी पत्र तरी धाडलंय?" प्रत्येक चिमटीला हशा. भटजीही एक नाव सांगून मोकळे झाले. शेवटी आत्यांनी दोन्ही तळवे उघडून दिलीपला दाखवले. रिकामे.

दिलीपने मान हलवली. डोळे मिटले. रुमाल वर गेला.

आणि आम्ही असे फुटलो म्हणता! इतका वेळ गालांत कोंडलेली सगळी हवा एकदम बाहेर. रघूने तर मघाचा राग, लाज, सगळं त्या ड्रमवर काढलं. दिलीपचे खांदे कानांपर्यंत गेले. पाय जिथल्या तिथे. रंजना त्याला हात न लावता, अगदी शेजारी उभी होती. मी वाजवता वाजवता रडत होतो. पाठीच्या दुखण्याने म्हणा हवं तर.

रुमाल खाली. आम्ही गप्प. मांडव गप्प. रुमाल वर. पुन्हा दणका. लोकांना आधी कळेना, मग एकदम कळलं. खाली, वर, खाली, वर. पोरं किंचाळायला लागली. रंजना म्हणाली, "मना दे," आणि तिने रुमाल ओढून इतक्या भरभर हलवला की सॅक्सोफोनवाल्याला उचकी लागली. म्हात्रे खांबाला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते. दिलीपने रंजनाला विचारलेलं मी ऐकलं, "हे रडतायत म्हणजे खूश आहेत का?"

"व्हय," ती म्हणाली. "लय."

संध्याकाळी टेम्पोने रोह्याला आलो. बाजारातून घरापर्यंत पायी वरात. मी असली वरात पुन्हा पाहिली नाही. रुमाल वर, की सगळे नाचणार. रुमाल खाली, की जो जसा असेल तसा थिजणार. हा नियम कोणी ठरवला देव जाणे, पण दोन दुकानं ओलांडेपर्यंत सगळ्या बाजाराला तो पाठ. वाणी तराजू हातात धरून थिजलेला. दूधवाला सायकलवर एक पाय टेकून थिजलेला. मागून येष्टी आली, तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात तसाच ठेवला आणि मान बाहेर काढून रुमालाकडे बघत बसला. बाळामामा लग्न लागल्यापासून फुरंगटला होता, तो टेम्पोतच बसून होता. त्याला राहवेना. तो उतरला आणि सफारीतल्या सफारीत असा नाचला, की रुमाल खाली आला तेव्हा तो एका पायावर होता. डुगडुगला, पण पडला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग त्याने मुद्दाम अवघड पोझ घ्यायचा सपाटाच लावला.

घर आलं. दारात दिलीपची मोठी बहीण भाकरतुकडा घेऊन उभी होती. दिलीपने रुमाल खाली घेतला, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

"अजून एकदा!" बाळामामा ओरडला. "वन्स मोर!" गर्दी ओरडली. "शेवटचा!" रघूसुद्धा माझ्याकडे आशेने बघत होता.

"बास," दिलीप म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता.

मी क्लॅरिनेट काखेत मारली. रघूने काठी खाली ठेवली. गर्दीने थोडी कुरकुर केली आणि गप्प झाली. बाळामामाही गप्प झाला. त्या गल्लीत इतकी शांतता झाली की बहिणीच्या हातातल्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

दिलीप उंबऱ्याशी थांबला आणि मागे वळला. पहिल्यांदाच त्याने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मास्तर, मी लहानपणापासून 'बास' म्हणतोय. शाळेत, घरी, त्या लग्नातसुद्धा म्हणालो होतो. कोणी थांबत नसे. म्हणून मी पळायचो." मग जरा विचार करून म्हणाला, "आज सगळे थांबले. आता पळायची गरज नाही."

बाळामामा खाली मान घालून सफारीची बटणं चाचपत होता. रंजनाने माप ओलांडायला पाय उचलला होता, तो तसाच धरून ती म्हणाली, "मी पन थांबलेय. पाय दुखाया लागला. आत चल आता."

लग्न टिकलं. दोघं रोह्यातच राहिली, आणि मी बाजारात दिसलो की दिलीप मला न चुकता सांगायचा की माझं पोट वाढलं आहे. रुमालाच्या वरातीची बातमी इतकी पसरली की पुढची काही वर्षं कोलाडपासून पेणपर्यंतचे नवरदेव माझ्याकडे तीच मागायला लागले. धंदा वाढला. माझी पाठ मात्र थंडीत अजून रघूची आठवण काढते.

त्यानंतर ऑर्डर घेताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागलो. वाजवायची खूण कोण देणार, हे लोक आपणहून सांगतात. त्यावर भांडतातसुद्धा. मी विचारायचो, थांबायची खूण कोण देणार? मुलाकडचे मुलीकडच्यांकडे बघायचे, मुलीकडचे छताकडे. हा विचार कोणी केलेलाच नसायचा. मग मी सांगायचो, तुमच्या घरात आवाजाचा सगळ्यात जास्त त्रास ज्याला होतो, त्याला विचारा आणि त्याचं नाव मला द्या. बॅन्ड त्याचं ऐकेल.